बोरसे सरांचे दाणे

बोरसे सरांकडे रुमाल मागायची चूक मी एकदाच केली. नोकरीला लागून आठवडा झाला होता, खडूची धूळ डोळ्यांत गेली होती आणि सर शेजारीच उभे होते. त्यांनी पँटच्या खिशातून रुमाल काढला, त्याची गाठ सोडली, आतली मूठभर काळी माती माझ्या उघड्या हजेरीपटावर ओतली आणि रिकामा रुमाल माझ्यापुढे धरला. "घ्या. पण माती सांडू नका हं, फैजपूरची आहे." मी डोळे पुसले. रुमालात उरलंसुरलं फैजपूर डोळ्यांत गेलं आणि मी तो तास रडत रडत घेतला. मुलांना वाटलं, नवीन मॅडम फारच हळव्या आहेत.

ती माती लग्नातली होती, हे नंतर रशीदभाईंनी सांगितलं. रशीदभाई आमच्या प्रयोगशाळेचे परिचर, तीस वर्षं त्याच टेबलामागे उभे. सर पुतणीच्या लग्नाला फैजपूरला गेले होते. अक्षता पडल्या, पंगती बसल्या आणि नवरा-नवरीने पाया पडायला थोरले काका हवेत म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा थोरले काका मंडपामागच्या केळीच्या बागेत उकिडवे बसून रुमालात माती बांधत होते. त्यानंतर कुठल्याही लग्नाला निघताना बोरसेकाकू त्यांचे खिसे तपासू लागल्या. त्याचा उपयोग शून्य, कारण सर जाताना रिकामेच जायचे.

धुळ्याचं आमचं कॉलेज तसं ठीकठाक. सूक्ष्मजीवशास्त्र विभाग मात्र सायकल स्टँडच्या मागे होता. जे डोळ्यांना दिसत नाही ते पाहुण्यांनाही दिसू नये, असं काहीतरी संस्थेचं धोरण असावं. विभागात आम्ही चौघे, त्यात तीन पाटील. गोंधळ नको म्हणून एक 'विषाणू पाटील', एक 'बुरशी पाटील' आणि मी 'नवी पाटील'. याला बारा वर्षं झाली, माझे केस पिकायला लागले, तरी शिपाई अजून "नवी पाटील मॅडमना बोलावलंय" असंच सांगत येतो. चौथे बोरसे सर, विभागप्रमुख. त्यांना टोपणनावाची गरज नव्हती.

उंच, किडकिडीत देह, पँट घोट्याच्या चार बोटं वर, पायांत चपला आणि नखं कायम काळी. साबण लावून काही उपयोग नव्हता, कारण हात धुऊन सर पुन्हा मातीकडेच जायचे. बाहेरचं कुणी आलं की प्राचार्य त्यांना हळूच सांगत, "बोरसे, हात मागे." सर आज्ञाधारक. त्यामुळे कॉलेजच्या भिंतींवर जेवढे म्हणून सगळ्यांचे मिळून काढलेले फोटो आहेत, त्या प्रत्येकात सर हात मागे बांधून, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या विद्यार्थ्यासारखे एका कडेला उभे आहेत.

पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला सर पुस्तक नेत नसत, डबा नेत. कळण्याच्या, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाच्या, भाकरीचा एकेक तुकडा प्रत्येक मुलाच्या हातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "तोंडात टाका. चावत राहा. गिळायचं नाही. गोड लागलं की हात वर." मग वर्गात नुसता चावण्याचा आवाज. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, इथे गोठा आहे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एकाने दोन सेकंदांत हात वर केला. सर धावत त्याच्यापाशी गेले. त्याच्या तोंडात आधीपासून पेढा होता. पण खरोखर चावून चावून कुणाचा हात वर आला की सरांचा चेहरा उजळायचा. "साखर कोणी घातली? कोणीच नाही! भाकरीतलं पीठ म्हणजे साखरेची लांबच लांब माळ. तुमच्या लाळेत एक कात्री आहे. तिने माळ कापली, मणी सुटे झाले, म्हणून गोड लागलं. या कात्रीला विकर म्हणायचं. एन्झाईम म्हणा हवं तर, पण कापते तेवढंच."

सरांचं सगळं आयुष्य या कात्रीमागे गेलं. त्यांची गोष्ट सोपी होती, आणि बहुधा म्हणूनच ती कुणाला शास्त्र वाटत नव्हती. जमिनीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, पुष्कळ असतं, पण अडकून बसलेलं. ते सोडवून मुळांना देणारे जिवाणू असतात. पण पाकिटात भरून ते शेतकऱ्याला दिले, तर आमच्याकडच्या उन्हात शेत येण्याआधीच बहुतेक राम म्हणतात. म्हणून सरांनी त्यांना घर बांधून दिलं. समुद्रातल्या शेवाळापासून निघणारी एक चिकट पूड आणि थोडं स्टार्च पाण्यात कालवायचं, त्यात जिवाणू सोडायचे आणि तो घोळ थेंबाथेंबाने कॅल्शियमच्या पाण्यात टाकायचा. थेंब पडला की तिथल्या तिथे गोठतो आणि भिजवलेल्या साबुदाण्यासारखा मऊ, ओला दाणा होतो. ओलीत जिवाणू सुखाने राहतात. दाणा केळीच्या बुडाशी पुरला की मातीतले इतर जीव आपापल्या कात्र्या घेऊन येतात, दाण्याचे धागे कापतात, तीन-चार आठवड्यांत दाणा विरघळतो आणि आतली मंडळी बाहेर पडून मुळांशी कामाला लागतात. दाणा विरघळलाच नाही, तर सगळे आत कोंडून मेले. "घराला दार पाहिजे ना ताई," सर मला म्हणायचे. "बिनदाराचं घर बांधलं तर ते थडगं झालं."

थेंब पाडायला यंत्र मिळेना, तेव्हा सरांनी दवाखान्यातला सलाईनचा सेट आणला. स्टँडला बाटली टांगलेली, खाली नळी, नळीखाली काचेचं भांडं आणि शेजारी चिमटी कमी-जास्त करत बसलेले रशीदभाई. नवा माणूस आत आला की दचकायचा आणि विचारायचा, "कुणाला लावलंय?" रशीदभाई मान न वळवता सांगायचे, "जमीन को."

तयार दाणे मग कागदी पेल्यांतल्या मातीत पुरले जात. हे पेले खिडक्यांत, फ्रीजवर, पायऱ्यांवर, एकदा तर प्राचार्यांच्या मोटारीच्या टपावरही होते, कारण तिथे ऊन चांगलं यायचं. पेल्यांवर चिठ्ठ्या: 'रावेर, दिवस ११', 'साक्री, दिवस २०'. रोज सकाळी सर एकेक पेला वर्तमानपत्रावर पालथा करून बोटांनी माती चाळायचे. बाकीचे लोक काहीतरी सापडावं म्हणून शोधतात, सर काही सापडू नये म्हणून शोधायचे. दाणा सापडला की दिवसभर उदास. नाही सापडला की कॅन्टीनमध्ये सगळ्यांना चहा, आणि तो चहा ढवळणाऱ्या प्रत्येकाला प्रश्न, "विरघळलं का?" विषाणू पाटील आणि बुरशी पाटील यांचं फ्रीजमधल्या एका कप्प्यावरून वाजलं होतं आणि दोघं वर्षभर बोलत नव्हते. सर रोज माझ्याजवळ यायचे, त्या दोघांकडे भुवई उडवायचे आणि विचारायचे, "विरघळलं का?"

पेल्यांचं गणित बसायला वीस वर्षं गेली. स्टार्च जास्त झालं की दाणा चार दिवसांत फुटायचा, कमी झालं की दोन महिने हलायचा नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली, तेव्हा कुठे सरांना हवा तसा दाणा जमला. कुठल्याही गावची माती असो, महिन्याच्या आत पेला रिकामा. पण पेला म्हणजे काही बाग नव्हे. पाणी, खत, ऊन आणि शेतकऱ्याच्या मर्जीने चालणाऱ्या खऱ्याखुऱ्या केळीच्या बुडाशी आपला दाणा विरघळलेला एकदा स्वतःच्या हाताने पाहायचा, एवढी एकच इच्छा सरांची उरली होती. बढती, सत्कार, पुस्तकावर नाव, यातलं काही त्यांना नको होतं. आणि नेमकं हेच आमच्या प्राचार्यांना समजायला जड गेलं, कारण ते बिचारे बाकी सगळं द्यायला तयार होते.

प्राचार्य मूळचे वाणिज्य शाखेचे. माणूस वाईट नाही, फक्त प्रत्येक गोष्ट त्यांना आधी काचेच्या कपाटात दिसायची. जळगावच्या कृषी प्रदर्शनात कॉलेजचा स्टॉल लावायचा ठरला, तेव्हा ते स्वतः प्रयोगशाळेत आले. एक दाणा त्यांनी चिमटीत धरून दाबला. दाणा पचकन फुटला आणि त्यांच्या शर्टावर उडाला.

"बोरसे, हे तर फुटतं!"

"हो सर," बोरसे सर आनंदाने म्हणाले. "फुटलंच पाहिजे."

"अहो, पण लोक हातात घेऊन बघणार! आणि वासही येतोय. हे असं लिबलिबीत काय न्यायचं जळगावला?"

सरांनी कात्रीची गोष्ट सुरू केली. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं.

प्रदर्शनाच्या आधीच्या आठवड्यात सर पेपर तपासायला बाहेरगावी होते. मी बाळंतपणाच्या रजेवर. प्राचार्यांच्या सासुरवाडीला मिठाईचं दुकान होतं आणि पेठा कसा करतात हे त्यांनी जावईपणाच्या निवांत दुपारी जवळून पाहिलेलं होतं. कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत भिजत घातल्या की कडक होतात आणि मग पाकात कितीही शिजवा, विरघळत नाहीत. झालं. त्यांनी रशीदभाईंना बोलावलं, पिंपभर निवळी करून घेतली आणि विभागातले सगळेच्या सगळे दाणे दोन दिवस तिच्यात बुडवून ठेवले. बाहेर काढून वाळवले तेव्हा पांढरेशुभ्र, गोल, टणक मोती! ना वास, ना चिकटपणा. जळगावला लोक स्टॉलवरच्या परातीत हात घालून ते खळाखळा वर-खाली करत राहिले. शेजारच्या स्टॉलवर ट्रॅक्टर होता, तिकडे कुणी फिरकेना. प्राचार्यांनी खुशीत येऊन पिशव्या भरभरून दाणे वाटून टाकले.

सर परत आले, तेव्हा परातीच्या तळाशी चार दाणे उरले होते. सरांनी एक उचलला आणि तो हातातून सुटला. दाणा फरशीवर पडून टप टप करत टेबलाखाली गेला. सर बराच वेळ टेबलाखाली बघत राहिले.

"रशीदभाई, चुन्यात?"

"साहब ने बोला, सर. मैं क्या करता?"

"मेले सगळे."

"कौन, सर?"

"आतले."

 प्रदर्शनात वाहवा मिळवून आलेल्या रशीदभाईंनी, कुणी गेल्याचं कळल्यावर म्हणतात ते हळूच पुटपुटलं आणि परात उचलून झाकून ठेवली. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी हसले होते. आता हसू येत नाही.

सहा महिन्यांनी भडगावहून आत्माराम आबा आले. गिरणेकाठी त्यांची केळीची बाग होती आणि प्रदर्शनातून त्यांनी एक अख्खी पिशवी नेली होती. धोतराच्या सोग्यात गुंडाळलेला स्टीलचा पेला त्यांनी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. सर आणि मी तिथेच होतो. पेल्यात दाणे होते, धुऊन पुसून लख्ख केलेले.

"सर, तुमना दाना देखा," आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "सहा महिना जमीनमा व्हतात. बठ्ठा जसाना तसा शेतस!"

बोरसे सरांनी डोळे मिटले. प्राचार्य खुर्चीतून अर्धे उठले.

"सहा महिने? पाणी दिलं तरी?"

"पानी दिधं, खत दिधं, वखर फिरना. एक दाना फुटना नही."

"आणि आबा, केळीला काय फरक?" सरांनी विचारलं.

"केळीले काय फरक नही सर. जशी व्हती तशी शे." आबांनी एक दाणा टेबलावर टाकून उडवून दाखवला. "पन दाना एक नंबर!"

तो पेला त्याच दिवशी कबड्डीच्या ढालीशेजारी काचेच्या कपाटात गेला. प्रवेशद्वारावर आबांचा फोटो असलेला फ्लेक्स लागला. मग एक समिती आली, आमच्याकडे ती अधूनमधून येतेच. समितीच्या तिन्ही सदस्यांनी दाणा टेबलावर टाकून उडवून पाहिला आणि एकाने तर परवानगी मागून नातवासाठी खिशात घातला. सर हात मागे बांधून दिवसभर त्यांच्याबरोबर फिरले. ते एकाच प्रश्नाची वाट पाहत होते, की यातले जिवाणू जिवंत आहेत का. उत्तर त्यांनी पाठ करून ठेवलं होतं. तो प्रश्न कुणी विचारला नाही. जेवणात भरीत होतं, त्याबद्दल मात्र पुष्कळ प्रश्न आले.

शेवटी एका व्यापाऱ्याने हे दाणे मोठ्या प्रमाणावर करायची तयारी दाखवली आणि प्राचार्यांनी सरांकडे शास्त्रीय शिफारसपत्र मागितलं. सर संतापलेले मी त्या एकाच वेळी पाहिले. दार लावून बसले आणि सणसणीत पत्र लिहिलं. पहिलंच वाक्य होतं, 'हे दाणे जमिनीत कधीही विरघळत नाहीत.' पुढे दीड पान, हे दाणे का निरुपयोगी आहेत, आतला एकही जीव का जिवंत नाही, आणि आपलं नाव याला जोडू नये अशी विनंती. खाली सही.

पंधरा दिवसांनी फ्लेक्स बदलला. आबांच्या फोटोखाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'हे दाणे जमिनीत कधीही विरघळत नाहीत. - डॉ. बोरसे.' खाली सरांची सही, पत्रावरून जशीच्या तशी उचललेली.

मी चिडून प्राचार्यांकडे निघाले होते. सरांनी थांबवलं. "जाऊ द्या ताई. वाक्य माझंच आहे." मग फ्लेक्सकडे बघत म्हणाले, "उगाच पहिल्या ओळीत मुद्द्यावर आलो. दीड पान पाल्हाळ लावून मग सांगायला हवं होतं." ते हसले, पण हात मागे होते आणि एकमेकांत घट्ट आवळलेले होते. त्यानंतर खान्देशातल्या ज्या ज्या दुकानात ते दाणे गेले, तिथे सरांची सही गेली. मला फार लाज वाटत होती. मी काहीच केलं नव्हतं, बहुधा म्हणूनच.

निवृत्तीला दोन महिने राहिले होते. एका रविवारी सर म्हणाले, "ताई, भडगावला येता का? आबांकडून केळीच्या दोन ओळी मागायच्या आहेत."

आबांनी आमचं स्वागत दणक्यात केलं. फ्लेक्सवर फोटो आल्यापासून त्यांना गावात वेगळाच मान होता. पण सरांनी डब्यातून खरे दाणे काढून त्यांच्या तळहातावर ठेवले, तेव्हा त्यांचं तोंड वाकडं झालं. "हाऊ काय सर? हाऊ ते नरम शे." त्यांनी दाबून पाहिलं, तो फुटला. "आनि फुटस बी!" सरांनी कात्री, माळ, मणी, घर, दार, सगळं सांगितलं. आबा मान हलवत होते आणि मनाने कधीच दुसरीकडे गेले होते. टणक माल देणारा सर आता लिबलिबीत माल का देतोय, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत असावं.

मग जेवायला बसलो. भाकरी, शेवभाजी, कांदा. सरांनी भाकरीचा कोरडा तुकडा मोडून आबांच्या हातात ठेवला. मला पुढचं कळलं.

"आबा, हाऊ घास चावत ऱ्हा. गिळू नका."

"काब्र?" आबांनी कारण विचारलं.

"चावा ते खरं."

आबा चावत राहिले. घरातली माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. सरही त्यांच्याकडे असे बघत होते, की मला पहिल्या वर्षाचा वर्ग आठवला.

"गोड लागनं का?" सरांनी विचारलं.

आबांच्या जबड्याचा वेग कमी झाला. "लागनं," ते नवलाने म्हणाले.

"भाकर पोटमा जशीनी तशी रायनी, ते अंगले लागी का, आबा?"

आबांनी घास गिळला. पाणी प्यायले. मग म्हणाले, "दोन वळ ली ल्या सर. पन तिसरी मांगू नका."

सरांचा तो आठवडा सलाईनच्या बाटलीखाली गेला. विषाणू पाटील आणि बुरशी पाटील दोघंही मदतीला आले, एकमेकांशी न बोलता. रशीदभाई म्हणाले, "सर, इस बार चूना घर में भी नहीं रखा. पान खाना छोड़ दिया आठ दिन." दाणे थंड डब्यातून भडगावला गेले. दोन ओळींतल्या प्रत्येक केळीच्या बुडाशी सरांनी स्वतः पुरले आणि ओळींच्या टोकाला खुणेची खुंटी ठोकली. मग वाट पाहणं आलं. सर रोज भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक दिवस खोडायचे. लोकांना वाटायचं, निवृत्तीचे दिवस मोजतायत.

पाचव्या आठवड्यात निरोप समारंभ झाला. प्राचार्यांनी सरांसाठी खास सन्मानचिन्ह करून घेतलं होतं. पारदर्शक राळेचा वीतभर उंचीचा ठोकळा आणि त्याच्या पोटात ते पांढरे टणक दाणे, कायमचे गोठवलेले. "बोरसे सरांचं कार्य या दाण्यांसारखंच अक्षय राहील," प्राचार्य म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर दाटून आला. मी म्हटलं ना, माणूस वाईट नाही. सरांनी ठोकळा उजेडात धरून पाहिला. "हे माझे नाहीत," ते म्हणाले. पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. मग सगळ्यांचा मिळून फोटो झाला. हात मागे, आणि मागच्या हातांत ठोकळा.

दुसऱ्याच दिवशी मी, सर आणि रशीदभाई भडगावला गेलो. खुणेची खुंटी वाळवीने खाऊन टाकली होती. सरांनी पिशवीतून सन्मानचिन्ह काढलं, ओळीच्या टोकाला मातीत अर्धं गाडलं आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. "झकास. याला वाळवी लागणार नाही." त्या ठोकळ्याचा तेवढा उपयोग झाला.

मग सर पहिल्या केळीच्या बुडाशी उकिडवे बसले आणि बोटांनी माती उकरू लागले. आम्ही उभे होतो. माती हातावर घेऊन चाळली, फुंकली, पुन्हा चाळली. काही नाही. दुसरी केळ, काही नाही. चौथ्या केळीपाशी एक पांढरं काही दिसलं आणि मी पुढे वाकले. सरांनी ते उचललं, चोळलं. मुळाचं टोक होतं. जिकडे उकरलं तिकडे अशी पांढरी, कोवळी मुळं होती. दाणा एकही नव्हता.

आबा अस्वस्थ झाले. "सर, मन्हा काही दोष नही. मी बठ्ठं पानी येळवर दिधं. तुमना माल कथा गया ते माले नही माहीत."

 सर सातव्या केळीकडे सरकले, आठवीकडे सरकले. आबांनी माझ्याकडे पाहिलं, रशीदभाईंकडे पाहिलं, आणि झालेल्या नुकसानीवर फुंकर घालावी तशा आवाजात म्हणाले, "पन सर, या दोन वळनी केळ जरा जोरमा शे. ते काय व्हई?"

सर उकिडवे होते ते तसेच मातीत बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. रशीदभाईंनी टोपी काढून हातात धरली.  माणसाला इतका आनंद झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि तोही काही सापडलं नाही म्हणून.

पुढे सर मुलीकडे नाशिकला गेले आणि त्याच हिवाळ्यात वारले. टणक दाण्यांचा कारखाना अजून चालतो. फ्लेक्स उन्हाने फिका पडला, पण सही वाचता येते. कॉलेजच्या शोकसभेत हारासाठी फोटो हवा होता. मी माझ्याकडचा दिला, तर प्राचार्य म्हणाले, "हा नको मॅडम, जरा नीटनेटका बघा." मग नेहमीच्या कुठल्याशा फोटोतून सरांना कापून काढलं.

मी दिलेला फोटो त्या दिवशीचा, भडगावच्या बागेतला. निघताना मी मोबाईल काढला आणि म्हटलं, "सर, इकडे बघा." सर मातीतून उठले, कपडे झटकले आणि सवयीने दोन्ही हात मागे नेले.

"सर, हात पुढे," मी म्हटलं.

ते क्षणभर गोंधळले. मग त्यांनी हात पुढे आणले आणि दोन्ही तळवे माझ्यासमोर उघडे धरले. कोपरापर्यंत काळे, आणि रिकामे.

"पाहा ताई," ते म्हणाले. "काहीच नाही."